गॅरेजमधल्या गॅरेजमध्ये धक्का-स्टार्ट

आमच्या घरातली सगळ्यात ऊबदार रजई मोटरसायकलला आहे. तिच्या खालोखालची सासऱ्यांना, आणि उरलेल्या एका चादरीवरून मी आणि सुजाता रात्रभर ओढाओढ करतो.

मोटरसायकल मला विशीतच हवी होती. नागपुरात वडील म्हणाले, "आधी नोकरी लागू दे." नोकरी लागल्यावर आई म्हणाली, "आधी लग्न कर." आणि लग्न झाल्यावर विचारायची हिंमतच झाली नाही! शेवटी चाळिशी उलटल्यावर इथे अमेरिकेत, ॲन आर्बरला, सेकंडहँड घेतली. माझ्या वयाला शोभेल अशीच मिळाली. जुनी, जड आणि सकाळी उठायला कुरकुर करणारी. पण माझा तिच्यावर जीव आहे, उगाच लपवून काय करू!

मिशिगनमध्ये मोटरसायकल पाच महिने चालवायची आणि सात महिने सांभाळायची असते. मी इंटरनेटवरचे व्हिडिओ बघून सगळं शास्त्रशुद्ध केलं. पेट्रोलमध्ये औषध घातलं, चेनला तेल चोळलं, उंदीर शिरू नयेत म्हणून सायलेन्सरच्या तोंडात बोळा कोंबला आणि बॅटरीला मंद गतीचा चार्जर लावला. (इतकी काळजी मी स्वतःच्या कोलेस्टेरॉलची घेत नाही.)

अडचण एकच होती. आमचं गॅरेज दोन गाड्यांचं. एका बाजूला माझी कार, दुसऱ्या बाजूला मोटरसायकल. आणि सुजाताची कार? बाहेर, बर्फात! जानेवारीतल्या एका सकाळी ती काचेवरचा बर्फ खरवडून आत आली. नाक लालबुंद, डोळे त्याहून लाल.

"प्रशांत, ती चालते तरी का रे?"

"म्हणजे काय? एकदम फर्स्ट क्लास!"

"मग रविवारी सुरू करून दाखव. सुरू झाली तर राहू दे गॅरेजमध्ये, मी एक शब्द बोलणार नाही. नाही झाली तर विकायची. डील?"

"डील!" मी म्हणालो. मी अगदी निर्धास्त होतो.

रविवारी मी मोठ्या ऐटीत रजई काढली, आठवणीने बोळा काढला (दिवसभरात बरोबर झालेलं हे शेवटचं काम), आणि बटण दाबलं. टक्. पुन्हा दाबलं. टक्. तिसऱ्यांदा टक्-सुद्धा नाही!

"असं कसं? चार्जर तर दोन महिने लावलेला आहे!"

"तो नं जवाईबापू," मागून आवाज आला, "तो मी आलो त्याच रात्री झोपताना काढून ठेवला."

हे माझे सासरे. वर्ध्याचे निवृत्त गणिताचे मास्तर, सहा महिन्यांसाठी आमच्याकडे आलेले. झोपण्यापूर्वी घरभर फिरून सगळी बटणं बंद करणं हे त्यांचं आयुष्यभराचं व्रत.

"पण बाबा, काहून?" मी थेट नागपूरवर आलो.

"रात्रभर लाल दिवा जळून ऱ्हायला होता नं! तुम्ही सकाळी लावायला विसरले, पण मी म्हटलं जाऊ द्या, बिल तरी वाचते."

सासऱ्यांवर ओरडता येत नाही. मी हसलो. ते हसू कसं दिसत होतं ते मला माहीत नाही, पण बाबा दोन पावलं मागे सरकले.

"घाबरू नका," ते सावरून म्हणाले. "मी तीस वर्षं स्कूटर चालवली. प्लग गरम करू. लगेच सुरू होते."

मी प्लग काढला. बाबांनी तो पापडाच्या चिमट्यात धरून स्वयंपाकघरातल्या गॅसवर शेकायला घेतला. प्लगला दहा वर्षांचं काजळ आणि तेल होतं, त्याचा असा काही धूर निघाला की अख्ख्या घराचे स्मोक अलार्म एकदम केकाटू लागले! त्यांच्यातली एक बाई इंग्रजीतून "फायर! फायर!" असं बजावू लागली. मी खुर्चीवर चढून टॉवेल फडकावतोय, बाबा चिमटा धरून स्तब्ध उभे, आणि सुजाता सोफ्यावरून चहाचा कप हातात घेऊन शांतपणे बघतेय.

"झाली का सुरू?"

"होतेय, होतेय!"

गरम प्लगनेही काही झालं नाही. होणार कुठून, बटणात जीवच नव्हता. पण बाबांचा उत्साह मात्र दुप्पट झाला होता. "आडवी करा. पेट्रोल चढत नसंल."

स्कूटर आडवी करून सुरू करणं हा आपल्या लोकांच्या रक्तात मुरलेला उपाय आहे. त्यात मी एकच बाब विसरलो. स्कूटर शंभर किलोची असते आणि ही बाई सव्वादोनशे! वाकवली ती वाकली, आणखी वाकली, आणि मग आम्हा दोघांना न विचारता संथपणे भिंतीशी रचून ठेवलेल्या तांदळाच्या पोत्यांवर जाऊन पहुडली. फट्! एक पोतं फुटलं आणि आंबेमोहोर गॅरेजभर पसरला.

आता तिला उचलायला तिसरा माणूस हवा होता. सुजाताला हाक मारणं म्हणजे शरणागती. म्हणून मी आमचा मित्र मेश्राम याला फोन केला. मेश्राम इथल्या विद्यापीठात इंजिनावर पीएचडी करून तिथेच संशोधन करतो. फक्त त्याचं इंजिन कॉम्प्युटरच्या आत असतं.

"जय भीम काका!" म्हणत तो आला, तांदळावरून घसरला, उठून आमच्याबरोबर मोटरसायकल उभी केली आणि म्हणाला, "यार, हा तर सिंपल बॅटरीचा इश्यू आहे. कारच्या बॅटरीवरून जंपर केबल लाव, दोन मिनिटांत स्टार्ट होईल."

"केबल सुजाताच्या कारमध्ये आहे. आणि किल्ली तिच्या पर्समध्ये."

"मग माग ना किल्ली!"

"पोरीपुढं हार मानायची?" बाबा गरजले. (आपण कोणाच्या बाजूचे आहोत हे ते पार विसरले होते.) "धक्का द्या! माझी स्कूटर मी कितीदा धक्क्यावर सुरू केली!"

बाहेर नुसता बर्फ. तिथे चाक घसरणार. म्हणून गॅरेजमधल्या गॅरेजमध्येच, मागच्या भिंतीपासून दारापर्यंत धक्का द्यायचा, असं आमच्या तज्ज्ञ समितीने एकमताने ठरवलं. धूर कोंडू नये म्हणून मोठं दार वर सरकवलं. मी बसलो. दुसरा गिअर, क्लच दाबलेला. मागे बाबा आणि मेश्राम.

"काका, इन थिअरी, एवढ्या अंतरात हे पॉसिबल नाही..." मेश्राम म्हणाला.

"थिअरी नंतर! ढकल बे!"

दोघांनी जीव खाऊन ढकललं. पायाखाली आंबेमोहोर असल्यामुळे पहिल्या दोन धक्क्यांत गाडी जागेवर राहिली आणि तेच मागे गेले. तिसऱ्या धक्क्याला गाडी हलली, मी क्लच सोडला, आणि... धड् धड् धडाड्! झाली सुरू! झाली, झाली! मला इतका आनंद झाला, इतका आनंद झाला, की मी दोन्ही हात वर करून ओरडलो.

दोन्ही हात!

मोटरसायकल मला घेऊन डावीकडे वळली आणि ज्या लोखंडी पट्टीवरून गॅरेजचं दार वरखाली सरकतं, त्या पट्टीवर जाऊन आदळली. पट्टी वाकली. वरून करकर आवाज आला. मग ते भलंमोठं दार रुळावरून निखळून तिरकं खाली आलं आणि चौकटीत अस्सं घट्ट फसलं की पुन्हा तसूभरही हललं नाही. मला एक ओरखडा नाही, मोटरसायकल धडधड चालू, आणि आम्ही तिघे आत बंद. मेश्रामने घाईघाईने किल्ली फिरवून इंजिन बंद केलं.

स्वयंपाकघराचं दार उघडून सुजाताने आत पाहिलं. तांदूळ पाहिले, दार पाहिलं, वडील पाहिले.

"सुरू झाली?"

"झाली!" आम्ही तिघेही एका सुरात.

"छान. मग राहू दे गॅरेजमध्ये." आणि ती खरंच एक शब्दही बोलली नाही.

दुरुस्तीवाला आला, त्याने पट्टी पाहून शीळ घातली, आणि नवीन पट्टी येईपर्यंत दाराला हात लावू नका म्हणाला. म्हणजे थंडी संपेपर्यंत. मोटरसायकल आत, आणि तिच्याशेजारी माझी कारही आत! बाहेर उभी असलेली एकमेव गाडी सुजाताची. ती हल्ली सीट गरम करून आरामात प्रयोगशाळेतल्या नोकरीवर जाते. मला तिने सोडलं असतं, पण तिचा रस्ता वेगळा, आणि विचारायला माझं तोंड नाही.

मी बसने जातो. उणे पंधरात स्टॉपवर उभं राहायचं तर वारा अडवणारं काहीतरी हवं. म्हणून मोटरसायकलसाठी घेतलेलं लेदर जॅकेट, हातमोजे आणि हेल्मेट असा सगळा सरंजाम चढवून जातो. पहिल्याच दिवशी बसच्या ड्रायव्हरबाईंनी मला आपादमस्तक न्याहाळलं.

"व्हेअर्स द बाइक, सर?"

"इन द गॅरेज," मी हेल्मेटची काच वर करून ताठ मानेने म्हणालो. "रन्स परफेक्टली!"

आणि पास काढायला खिशात हात घातला. हातमोजा एवढा जाड की पास काही सापडेना. शेवटी मागे उभ्या असलेल्या एका आजीबाईंनी तो माझ्या खिशातून काढून मशीनला लावला, आणि मला हाताला धरून सीटवर बसवलं.