मास्तर आणि वरच्या हवेतले कण

आमच्या शेजारच्या मास्तरांइतकी आभाळाची काळजी देवळाली प्रवरेत दुसऱ्या कुणीही वाहिली नसेल. इतरांना वर ढग दिसत, विज्ञान शिकवणाऱ्या मास्तरांना विद्युतभारित कण. एक उपग्रह विषुववृत्ताच्या आसपास फिरून हे कण मोजतो, असं त्यांनी कुठल्याशा मासिकात वाचलं आणि तेव्हापासून तो उपग्रह त्यांना जावयासारखा झाला. विहिरीवरची मोटार बंद पडली तरी मास्तर आधी वर बघत. एकदा गुऱ्हाळात रसाची उकळती काहील, ती भली मोठी कढई, बघून ते हरखलेच. गुळव्याला म्हणाले, "रस मधे उसळतो, मळी कडेला जमते. कणही तसेच. विषुववृत्तावर चढतात आणि उतरतात आपल्या अंगावर." ऐकता ऐकता गुळव्याचं लक्ष उडालं आणि गूळ करपला. "मास्तर," तो म्हणाला, "उद्यापास्नं तुमचा रस घरपोच देतो." मास्तरांना तो मान वाटला.

त्यांच्या पत्नीला, आमच्या काकूंना, कणांशी काही देणंघेणं नव्हतं. एकाहत्तरच्या हिवाळ्यात त्यांचा धाकटा भाऊ सीमेवर लढत होता आणि बरेच दिवस त्याची खुशाली नव्हती. रेडिओवर जवानांचे निरोप त्यांच्याच आवाजात लागत. त्यात एका संध्याकाळी त्याचा निरोप आहे असं कळलं. मास्तरांनी छपरापासून उसाच्या फडावरून पलीकडच्या लिंबापर्यंत एरियलची तार ताणली आणि बजावलं, "सूर्य बुडाला की कण खवळतात."

"खवळू द्या," काकू म्हणाल्या. "तुमी गप बसा म्हंजी झालं."

सगळी आळी जमली. भावाचं नाव पुकारलं. "अक्का, मी..." एवढं ऐकू आलं, मग आवाज लांब गेला, जवळ आला आणि खरखरीत बुडाला. लगेच पुढच्या जवानाचं नाव लागलं. काकूंच्या चेहऱ्याकडे बघवेना. आता मास्तर कण समजावणार, म्हणून आम्ही माना खाली घातल्या.

"बरा हाय म्हणाला," मास्तर म्हणाले. "थंडी लई हाय. तुझ्या हातच्या बेसनाच्या लाडवांची आठवण येते, असंही म्हणाला."

मी रेडिओला कान लावून बसलो होतो. मला पुढचं अक्षरही कळलं नव्हतं. मास्तर थाप मारू शकतात हे मला तेव्हाच कळलं आणि त्यांच्यावर माझा फार जीव जडला.

काकूंनी पदरानं डोळे टिपले. "लाडू त्याला कदी आवडलेच न्हाईत." मग त्यांनी विचारलं, "पन बरा हाय म्हनला ना?"

"व्हय," मास्तर म्हणाले.

भाऊ फाल्गुनात सुखरूप आला. मास्तर आता राहिले नाहीत. पण त्या रात्री त्यांच्या त्या एका 'व्हय'वर काकू कित्येक दिवसांनी पोटभर जेवल्या, ते मला अजून दिसतं.