कुवेतमधलं माझं नाव

ह्या घरात माझं नाव 'येतो' आहे. आईबापांनी ठेवलेलं नाव वेगळं, पासपोर्टावर ते आहेही. पण फिंतासच्या ह्या समुद्राकडच्या घरात ते कुणी घेत नाही. मी हाजींची शुश्रूषा करतो. हाजी म्हणजे घरचे म्हातारे मालक. पक्षाघातानं त्यांची उजवी बाजू गेली, बोलणं अर्धंमुर्धं उरलं. त्यांना उठवणं, अंघोळ घालणं, भरवणं, कुशीवर वळवणं हे माझं काम. खोलीतून बाहेर पडताना, मग ते नुसतं सूप आणायला का असेना, मी 'येतो हां' म्हणायचो. आपल्याकडे निघताना 'जातो' म्हणत नाहीत, जीभच उचलत नाही. हाजींनी ते रोज ऐकलं आणि त्यांची खात्री झाली की हा माणूस दारातून आपलं नाव सांगतोय. एके दिवशी आतून हाक आली, "येतो!"

मी पुष्कळ समजावलं. मोडक्या अरबीत, हातवारे करून. काही उपयोग झाला नाही. मग त्यांची मुलं-नातवंडंही मला येतो म्हणायला लागली, आणि मी नाद सोडला.

घर माणसांनी भरलेलं असतं, पण माझ्याशी बोलायला कुणी नाही. मराठी बोलायचं तर शुक्रवारी बस धरून फरवानियाला जायचं, गावाकडच्या सुतार-वायरमनांच्या खोलीवर. तिथं माशाची आमटी मिळते आणि मनसोक्त भांडायलाही मिळतं. पण हाजींकडे पाहुणे येतात तेही नेमके शुक्रवारीच, त्यामुळे जाणं होतं कधीमधी. एरवी मी स्वतःशीच बोलतो, आणि खरं सांगायचं तर मला माझी सोबत फारशी आवडत नाही.

माझा इकामा, म्हणजे इथं राहायचा परवाना, हाजींच्या थोरल्या मुलाच्या नावावर चालतो. काम संपलं की राहणंही संपलं. घरकामाच्या व्हिसावर बायको-मुलीला आणायची सोय नाही. मुलगी आता नववीत आहे. सुट्टीवर गेलो की ती मला पाहुण्यासारखं पाणी आणून देते आणि संध्याकाळी विचारते, "परत कधी जाणार?" रागानं नाही हो, सहज. तेच जास्त लागतं.

कॅनडाची वाट कळली ती फरवानियातल्या अशाच एका शुक्रवारी. घरी राहून आजाऱ्यांची, म्हाताऱ्यांची काळजी घेणाऱ्यांना तिथं कायमचं राहू देतात म्हणे, बायको-मुलांसकट. कायमचं! हा शब्द मी इथं आल्यापासून कुणाच्या तोंडून ऐकला नव्हता. मी इंग्रजीच्या परीक्षेला बसलो, कसाबसा पास झालो. ओळखीतून तिकडच्या एक बाई मिळाल्या, त्यांच्या आईकडे बघायला माणूस हवा होता. व्हिडिओ कॉलवर मुलाखत चालू असतानाच आतून हाजी ओरडले, "येतो!"

"हे तुमचं नाव का?" बाईंनी इंग्रजीत विचारलं.

"नाही मॅडम. त्याचा अर्थ, आय ॲम कमिंग."

बाई खळखळून हसल्या. म्हणाल्या, "मग या लवकर." काही दिवसांत त्यांनी नोकरीचं पत्रही पाठवलं.

मला दम निघाला नाही. लगेच मुलीला फोन केला. आता तिघं एका घरात, म्हटलं. ती म्हणाली, "बर्फ असतो ना तिथं? मला जाड स्वेटर लागेल." तिचा तो आवाज मी पुढे कितीतरी दिवस आठवत राहिलो.

आता तिकडच्या सरकारकडे ऑनलाइन अर्ज तेवढा राहिला होता; जागा मोजक्या, आधी भरेल त्याला. अर्ज सुरू झाले त्या दिवशी सकाळपासून मी मोबाइल घेऊन हाजींच्या पलंगाशी बसलो. पान उघडता उघडेना, आणि उघडलं तर भरलेलं पुसून जाई. अर्ज निम्म्यावर आला आणि हाजींचे कपडे ओले झाले. त्यांना पुसून, कपडे बदलून, चादर बदलून, हात धुऊन आलो तर जागा भरल्याची सूचना आली होती. काळजी घेणाऱ्यांसाठीची वाट काळजी घेता घेता बंद झाली. हसावं की कपाळ बडवावं? हाजींवर मी भयंकर चिडलो. मनातल्या मनात, पण चिडलो. ते मात्र कोरड्या कपड्यांत निवांत पडले होते, डावा हात माझ्या मनगटावर ठेवून. मी तो काढला नाही.

बाईंचा निरोप आला. पुढचे अर्ज कधी निघतील कुणालाच ठाऊक नाही, आई तेवढी थांबू शकत नाही, आम्ही दुसरं कुणी बघतो. वाईट वाटलं असंही लिहिलं होतं.

दुपारी हाजींचा डोळा लागल्यावर मी घरी फोन केला. मुलीनंच उचलला. झालं ते सांगितलं. "बरं," ती म्हणाली. स्वेटरचं नाव तिनं काढलंच नाही.

"चल बाळा, येतो मग," मी म्हणालो.

"बाबा," ती अगदी समजुतीनं म्हणाली, "येतो नका म्हणू. फोनवर ठेवतो म्हणतात."

फोन ठेवून मी स्वयंपाकघरात तसाच उभा राहिलो. आतून हाक आली, "येतो!"

"आलो," मी म्हणालो.