डब्याचा रस्ता

अजूनही नांदेडहून लातूरला येताना गाडीत माझा डोळा लागतो आणि तोच भास होतो. मी माणूस नाही, डबा आहे. जुन्या हिरव्या साडीच्या फडक्यात बांधलेला, बसच्या बॉनेटवर ठेवलेला, आणि खालून इंजिनची ऊब लागते आहे. हसू नका. दोन वर्षं माझं अर्धं मन रोज असंच या रस्त्यानं लातूरला यायचं.

तेव्हा मी लातूरला क्लासला होते. चाकूर सोडलं की थोड्या वेळानं आमचा फाटा लागतो. फाटा म्हणजे काय, एक कडुलिंब आणि एक पंक्चरचं दुकान. आईला आम्ही माय म्हणतो. माय सकाळी त्या लिंबाखाली डबा घेऊन उभी राहायची. नांदेडकडून बस आली की हात करायचा, डबा कंडक्टरच्या हातात द्यायचा, की बस निघाली. लातूरच्या स्टँडवर गावोगावची पोरं दाराशी झुंबड करायची आणि आपापलं फडकं ओळखून डबा उचलायची. धुतलेला डबा संध्याकाळच्या बसनं परत जायचा. रिकामा धाडू नये म्हणून मी त्यात काहीतरी टाकायची. कधी पेरू, कधी लिमलेटच्या गोळ्या, एकदा तर टिकल्यांचं पाकीट.

क्लासमध्ये सर फळ्यावर काही लिहीत असत आणि मी डब्याबरोबर फिरत असे. आता आष्टामोड आलं. आता दोन्ही बाजूंना सोयाबीन, मधे काळीभोर माती. आता डाळमिलचा वास, म्हणजे लातूर आलंच. मला ते शहर मुळीच आवडत नव्हतं. मेसचं जेवण घशाखाली उतरत नव्हतं. डबा येतोय तोवर राहीन, बंद झाला की गावाकडं, असं मी मायला सुनावलंच होतं. ती नुसतं "हाव" म्हणाली होती.

तिला त्या रस्त्याचं भारी कौतुक. रत्नागिरीहून नागपूरला जाणारा रस्ता, एका टोकाला समुद्र, आणि मधे आमचा फाटा! परराज्यांतले ट्रक गेले की ती बघत राहायची. "ह्ये समदे कुठं जायलेत गं?" असं विचारायची आणि उत्तराची वाट न बघता चालायला लागायची.

मग रस्ता चारपदरी झाला. फाट्यावर उड्डाणपूल आला. लिंब वाचला, पण तो पुलाखालच्या सर्व्हिस रोडवर राहिला. ज्या दिवशी पुलावरून गाड्या सुरू झाल्या, त्या दिवशी माझा डबा आला नाही. मी लागोपाठ तीन बस बघितल्या. मायला फोन लावला, तर तो नेहमीसारखा घरी चार्जरला टांगलेला.

खरं सांगते, मला राग नाही आला, आनंद झाला. रूमवर जाऊन बॅग भरली आणि नांदेडची बस धरली.

बस पुलावर चढली आणि मी बघतच राहिले. आमचं गाव मी इतक्या उंचावरून कधी पाहिलं नव्हतं. देवळाचा कळस, पत्र्यांची घरं, पार ओढ्यापर्यंतची शेतं, सगळं उन्हात गप्प पडलेलं, झोपेत दिसावं तसं. आणि खाली लिंबापाशी माय. डोक्यावर पदर, कमरेवर हिरवं फडकं, तोंड चाकूरकडं. मी काचेवर हात आपटून "माय!" म्हणून ओरडले. बस तिच्या डोक्यावरून निघून गेली.

"वरडू नको, आता चाकूरलाच थांबंल," कंडक्टर म्हणाला.

चाकूरहून ऑटोनं परत आले तरी ती तिथंच उभी.

"एक तरी बस खाली उतरंल म्हनलं," ती म्हणाली. मग तिचं लक्ष माझ्या बॅगेकडं गेलं. "ह्ये कशाला?"

"डबा बंद झाला न, माय."

 पुलाच्या सावलीत बसून तिनं डबा सोडला. भाकरी वाळली होती. मेथी आणि शेंगदाण्याची चटणी होती. आम्ही दोघी जेवलो. डोक्यावरून ट्रक धडधडत जात होते.

"वरनं मी दिसत होते का?"

"दिसत होतीस. एवढीशी."

"मला नुसता आवाज यायचा," ती म्हणाली आणि हसली.

जवळच्या पाण्याच्या टाकीवर डबा विसळून तिनं तो फडक्यात बांधला, माझी बॅग डोक्यावर घेतली आणि निघाली. मला वाटलं, घरी. पण ती लातूरच्या दिशेनं वळली, जिथं पूल उतरतो आणि सर्व्हिस रोड मोठ्या रस्त्याला मिळतो तिकडं. उन्हात ते अंतर संपता संपेना. मी मागून कुरकुरत चालत होते, तिनं एकदाही वळून बघितलं नाही.

नांदेडकडून बस आली. मायनं असा काही हात केला, की ड्रायव्हरला थांबावंच लागलं. दारातल्या कंडक्टरनं सवयीनं डब्यासाठी हात पुढं केला. तिनं त्या हातात आधी बॅग दिली आणि मग मला पुढं ढकललं.

"आज डबा न्हाई, लेकरू हाय. लातूरला नीट उतरवा. अन् उद्यापासून मी हितंच थांबनार हाय."

कंडक्टरनं मला बॉनेटशेजारी बसवलं. इंजिनची ऊब लागत होती आणि मला रडू आवरत नव्हतं. बस हलल्यावर मागं वळून पाहिलं, तर ती रिकामा डबा पोटाशी धरून उभी होती. त्या दिवशी मी त्यात काहीच टाकलं नव्हतं.