ठमाबाईचं मागणं

माझे यजमान नागावच्या ख्रिस्ती मंडळीचे पाळक. माणसं बोटांवर मोजण्याइतकी, पण रविवारी देवळात ज्याला वाटेल त्यानं उठून मोठ्यानं मागणं करायची मोकळीक. तिचा पुरेपूर फायदा घ्यायची ती ठमाबाई. नवरा वारलेला, वाडीत सुपारी सोलून पोट भरायची. रावजीची कोंबडी हरवली, माग देवाकडं. पाळकांचा खोकला हटत नाही, माग. स्वतःची दाढ ठणकली, तेही माग. घरी माझा भात गार व्हायचा, पण हिचं आमेन काही येत नसे.

एकदा चिडून मी म्हटलं, "अगं, देवाला तुझ्या दाढेशिवाय दुसरं काम नाही का?"

"बाप हाय न्हवं तो, बाय?" ती म्हणाली. "बापापाशी मागताना पोर लहान-मोठं बघतं व्हय?"

मी कपाळावर हात मारून घेतला.

पण तिचं एक मागणं मी कधी हसण्यावारी नेलं नाही. तिची एकुलती एक लेक कमळ चौलला दिलेली. ठमाबाई ख्रिस्ती झाली आणि कमळच्या सासूनं, गोदूबाईनं, पोरीचं माहेर तोडलं. एकतीस साली कमळला दिवस गेले. पहिलं बाळंतपण माहेरी, ही जगाची रीत. पण गोदूबाईनं निरोप धाडला, "बाटलेल्या घरचं पाणीसुद्धा माझी सून पिणार न्हाय." जळली मेली जीभ! त्या रविवारपासून ठमाबाईचं एकच मागणं. "देवबापा, माझी लेक माझ्याकडं धाड. तिचं बाळंतपण माझ्या हातून होऊ दे."

सातवा महिना गेला, आठवा गेला. कमळ काही आली नाही.

मग एका दुपारी गोदूबाईच बैलगाडीतून वाडीत आली. मी तिथं नारळ घ्यायला गेले होते. तिला पदराचं भान नव्हतं.

"ठमाबाय, चल गं. मूल आडवं आलंय, सुईणीनं हात टेकलं. तुझा देव ऐकतो म्हणत्यात. त्याला सांग."

ठमाबाई एक शब्द वाकडा बोलली नाही. सुपारी तशीच टाकून गाडीत चढली. मीही चढले. वाटभर ती मागत होती आणि गोदूबाई तिचा हात घट्ट धरून बसली होती.

कमळनं आईला ओळखलं. पाणी मागितलं. गोदूबाईनं तांब्या ठमाबाईच्या हातात दिला आणि म्हणाली, "तूच पाज." पोरीनं दोन घोट घेतले. दिवस मावळायच्या आत ती गेली, पोटातलं बाळही गेलं. ते आठवलं की माझं काळीज अजून फाटतं.

त्यानंतर ठमाबाई देवळात येईना. मी घरी गेले, तर भिंतीकडं तोंड करून म्हणाली, "एवढं मागितलं, न्हाय दिलं त्यानं. आता मी त्याच्याशी बोलत न्हाय."

मी पाळकाची बायको, मला वचनं पाठ. पण ती बाजूला ठेवून तिच्याजवळ बसले. म्हटलं, "मग हे मला कशाला सांगतेस? त्याला तोंडावर सांग. मागायला यायचीस, तशी आता भांडायला ये."

पुढच्या रविवारी ती आली. मागण्याची वेळ झाली तशी उठली.

"देवबापा, मी तुझ्यावर रागावले हाय. लय रागावले हाय. तू माझं ऐकलं न्हाईस."

सगळे अवघडून गेले. यजमान काही बोलणार, तोच मी त्यांना डोळ्यांनी दटावलं.

"चौलच्या भाजीवाल्या सांगत व्हत्या," ती पुढं म्हणाली, "गोदूबाय रातभर अंगणात बसून असती. 'मीच पोरीला मारली, आईकडं धाडली न्हाय' म्हणत ऊर बडवती. तिच्या डोळ्याला डोळा लागत न्हाय." तिला हुंदका आवरेना. तशीच तिनं पदर पसरला. "तिला झोप दे, देवबापा. एवढं तरी दे."