एका घासानं काय होतं?

युसूफ वडगावच्या शाळेत मी रुजू झाले तेव्हा नलिनीताई वरच्या वर्गांना विज्ञान शिकवत होत्या. पण त्यांची माझी खरी ओळख त्यांच्या घरी झाली. त्यांची एकुलती एक लेक मंजू दवाखान्यातून परत आली होती आणि आम्ही शिक्षिका तिला बघायला गेलो होतो. रिकाम्या हातानं कसं जायचं, म्हणून बिस्किटांचे पुडे नेले. ताईंच्या फळीवर तसे पुडे आधीच रचलेले होते. खाटेवरची पोर दहा-अकरा वर्षांची, पण दिसायला पहिलीतली. हातापायांच्या काड्या झालेल्या आणि पोट तेवढं नगाऱ्यासारखं. ताईंनी आमच्यासमोरच एक पुडा फोडला, बिस्किटं दुधात कुस्करली आणि "खा गं बाई, अंगाला लागू दे" म्हणत लेकीला भरवली.

आपल्याकडं भाकरी रोजची आणि गहू कौतुकाचा. आजाऱ्याला भाकरी जड, म्हणून मऊ चपाती, शेवयांची खीर, सांजा. मंजू जितकी खंगत गेली तितका तिच्या पोटात गहू जास्त गेला, आणि तो सगळा मायेपोटी. जंताची औषधं झाली, टॉनिकं झाली, दृष्टही काढून झाली. अखेर मोठ्या शहरातल्या डॉक्टरांनी रक्त तपासलं, दुर्बिणीनं आतड्याचा तुकडा काढून तपासला आणि सांगितलं, हा सीलिॲक आजार आहे, गव्हातलं ग्लूटेन हिच्या आतड्याला सोसत नाही. त्या दिवसापासून ताईंनी तिचा गहू तोडला. पण घर भरलेलं. ताईंची पाठ वळली की सासूबाई पोळीचा तुकडा नातीच्या हातावर ठेवायच्या. "एका घासानं काय व्हतंय? लेकरू तोंडाकडं बघतंय," म्हणायच्या. तसंही त्या जिवात फार काही उरलं नव्हतं. त्याच हिवाळ्यात न्यूमोनियाचं निमित्त झालं आणि मंजू गेली.

सासूबाईंना ताई त्यानंतर कधी एका शब्दानं बोलल्या नाहीत. शेवटपर्यंत त्यांची सेवा केली. मी एकदा न राहवून विचारलं, तर म्हणाल्या, "त्यांनी एक घास दिला. बाकीचे सगळे मीच चारले न्हाई का?"

निवृत्तीनंतर ताईंनी गावोगाव फिरणं सुरू केलं. पिशवीत एक पातेलं आणि मूठभर कणीक. बायकांसमोर कणीक मळायची आणि पाण्यात धूत राहायची. पीठ वाहून जातं आणि हातात रबरासारखा चिवट गोळा उरतो. तो ताणून दाखवायच्या. "हेच ते ग्लूटेन. तुम्हा-आम्हाला काही करत न्हाई. पण एखाद्या लेकराचं आतडं हे पार खरवडून टाकतं." ज्वारी, बाजरी, तांदूळ, मका, भगर खुशाल खा, रवा, मैदा, शेवया, टोस्ट, सातू नको. गिरणीत आधी कुणाचा गहू पडला असेल तर आपल्या ज्वारीत तो उतरतो, म्हणून घरचं जातं झाडून काढा आणि त्यावरच दळा. हिंगाच्या डबीतही बहुधा गव्हाचं पीठ असतं, ती वाचून घ्या. आणि एक गोष्ट त्या दटावून सांगत, आजही सांगतात: माझ्या शब्दावर गहू सोडू नका. आधी डॉक्टरांकडून तपासणी, मग पथ्य. आधीच सोडला तर तपासणीत आजार सापडत नाही.

धारूरच्या डोंगरात शेळ्या-मेंढ्या राखणाऱ्या एका घरी मी त्यांच्याबरोबर गेले होते. रुक्मिण नावाची पोर, हुबेहूब मंजूची कळा. तपासणी झालेली होती, पण आजी ऐकेना. "बाई, आमी जलमभर भाकरीच खाल्ल्या. आता कुठं घरात गहू आलाय, तर त्यो बी लेकराच्या तोंडातून काढायलाव व्हय?" ताईंनी वाद घातला नाही. पदरानं तोंड झाकलं आणि मंजूचं सगळं सांगितलं. म्हातारी उठली आणि कोपऱ्यातलं जातं स्वतः झाडायला बसली. रुक्मिण वाचली, भरली, शिकली.

आता तिचं लग्न ठरलं आहे. सुपारी फुटली तेव्हा ताईंनी तिच्या होणाऱ्या सासूबाईंना बाजूला घेऊन पथ्य समजावलं. त्या हसल्या. "लग्नाचं गोड हाय बाई. एका घासानं काय व्हतंय?"

ताईंचा चेहरा उतरलेला मी पाहिला.  परतीच्या एसटीत म्हणाल्या, "माझ्यावर पंचाहत्तरीचं लिहायलीस ना? शतायुषी व्हा असं तेवढं लिहू नको. मंजूच्या वाटचं मीच जगायलेय, असं वाटतं." मला रडू आवरेना. दोनच दिवसांनी त्या पातेलं घेऊन पुन्हा त्या घरी गेल्या. होणाऱ्या सासूबाई अजून मानलेल्या नाहीत. ताई परत जाणार आहेत, गुडघे धरून एसटीची पायरी चढत.

ताई, पंचाहत्तरीनिमित्त आम्हा सर्वांचा नमस्कार. तुम्ही नको म्हटलंत, म्हणून शंभर वर्षं मागत नाही. रुक्मिणीच्या सासूबाई आपल्या हातानं सुनेचं ताट वेगळं वाढतील, तो दिवस तुम्ही धडधाकट पायांनी जाऊन पाहावा, एवढंच मागते. रुक्मिणीसाठी तो उद्याच उगवावा. पण तो उगवेपर्यंत तुम्ही फिरायचं आणि जगायचं थांबणार नाही, हेही मला ठाऊक आहे. म्हणून तुमच्यासाठी तो उशिरा यावा, असंही मनात येतं. काय मागावं, तुम्हीच सांगा.