नातीच्या मानेला न लावलेला पाय

आई गेल्याचा फोन आला तेव्हा मी सातवीच्या वर्गात शिकवत होते. शेजारच्या वहिनी म्हणाल्या, "मॅडम, तुम्ही लगेच घरी या," एवढंच. सासूबाईंना मी आईच म्हणायचे. पंचवटीतल्या आमच्या दोन खोल्यांपाशी पोहोचले, तर जिन्यापर्यंत चपलाच चपला. सकाळी माझ्याशी मेथीच्या भाजीवरून भांडलेली बाई दुपारी चटईवर निजवलेली. आणि त्या गर्दीत आमच्या मोठ्या काकू, म्हणजे माझ्या चुलतसासूबाई, सगळ्यांना ऐकू जाईल अशा बेताने म्हणाल्या, "गावभर पाय लावत फिरली, सख्ख्या नातीला मात्र नाही लावला हो!" समोर मयत असताना भांडू नये म्हणून मी दात आवळून गप्प बसले. आता महिना उलटून गेलाय. आता मी बोलणार.

आई पायाळू होत्या. जन्मताना डोक्याऐवजी त्यांचे पाय आधी बाहेर आले होते. अशा माणसाचा पाय कमरेला लागला की उसण जाते, असं आमच्याकडे मानतात. थेट येवल्याकडून लोक एसटीने यायचे, वाकडे होत जिना चढायचे. आई त्यांना पालथं झोपवायच्या, कमरेवर तीनदा हलकेच पाय टेकवायच्या आणि वर चहा पाजायच्या. या पायाचा त्यांना ताठाही होता बरं का! लग्नकार्यात पुढची खुर्ची त्यांचीच, आणि ती कुणी विसरलं तर आठवडाभर धुसफूस. मी शाळेत विज्ञान शिकवते. मला हे पटायचं नाही आणि पटत नाही हे मी लपवायचेही नाही. त्यावरून आमचे खटके उडायचे. "तुझी कंबर धरली की येशील माझ्याच पायाशी," त्या म्हणायच्या. "मी गोळी घेईन," मी म्हणायचे.

मग तनू झाली. दोन महिन्यांची होता होता लक्षात आलं, की पोर सदा उजवीकडेच बघते. झोपेत उजवीकडे, दूध पिताना उजवीकडे. डावीकडे मान वळवायला जावं तर कळवळून रडायची. एकाच बाजूवर राहून डोकं मागून चपटं व्हायला लागलं होतं. आयुष्यभर अशीच राहिली तर? काकूंनी निकाल देऊन टाकला, की मीच तिला एकाच कुशीवर निजवलं, दुसरं काय! अंघोळ घालायला येणाऱ्या बाई म्हणाल्या, "घाबरू नका, मान धरून एक झटका देते, मोकळी होईल." आईंनी त्यांचा हात वरच्यावर धरला. "खबरदार! पोर हाय ती, कोंबडी नाय." आणि त्याच दिवशी तनूला पदराखाली घेऊन माझ्यासोबत डॉक्टरांकडे निघाल्या.

डॉक्टरांनी नीट तपासलं. मानेचा एका बाजूचा स्नायू आखडलाय म्हणाले. फिजिओथेरपिस्ट बाईंनी हलक्या हाताने करायचे व्यायाम शिकवले. जागी असेल तेव्हा आपल्या डोळ्यांदेखत पोटावर ठेवा, राईची उशी काढून टाका, डावीकडे तिला बघावंसं वाटेल असं काहीतरी असू द्या. काही महिने लागतील, धीर धरा.

महिने! मी तीन आठवड्यांत ढेपाळले. एका दुपारी व्यायाम करताना तनू रडून रडून लालबुंद झाली, मीही रडत होते, काकू समोर बसलेल्या. आणि मी, विज्ञानाची बाई, आईंना म्हणाले, "आई, एकदा लावा ना पाय..."

काकूंना तर आनंदच झाला. "घरातच औषध असताना दवाखाने कशाला? लाव गं, लाव!"

आई माझ्याकडे वळून म्हणाल्या, "शाळेत पोरांना काय शिकवतेस गं तू?" मग म्हणाल्या, "मोठ्या माणसाची कंबर दोन दिवसांत आपोआप बी सुटती. माझ्या पायानं सुटती का, मला काय माहीत? मी कधी इचारलंच नाय. पण ह्या एवढ्याशा मानेवर मी अंदाजानं पाय ठेवणार नाय."

"लोक म्हणतील, पाय खोटा होता तुझा," काकू म्हणाल्या.

"म्हणू दे."

आणि लोक तसं म्हणालेच. काकूंनी ते घरोघर पोहोचवलं. सख्ख्या नातीवर चालणार नाही म्हणून लावलाच नाही, अशी बोलवा झाली. येवल्याची माणसं यायची थांबली. पुढच्या लग्नात आई मागच्या रांगेत बसल्या आणि घरी आल्यावर त्यांनी धुसफूसही केली नाही. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

पाय लावायला नाही म्हणाल्या त्या दुपारीच त्यांनी, तनू निजायची तो दिवाण स्वतःच्या हातांनी भिंतीपासून ओढला होता. डावीकडे नुसती भिंत, सगळं घर उजवीकडे. पोरीने डावीकडे बघावं तरी कशासाठी? त्या फटीत स्टूल कोंबून भिंतीला टेकून आई बसल्या. तनू जागी असली की आई तिथे. भाजी निवडायची तिथे, जेवायचं तिथे. आणि बडबड तर अखंड. काकूंच्या नकला, कंडक्टरची नक्कल, सुनेच्या तक्रारी. "तुझी आई लय हुशार हाय, पण वरणाला फोडणी देता येत नाय तिला, बघ की इकडं!" मी स्वयंपाकघरातून ओरडायचे, "ऐकतेय मी!" व्यायाम करताना माझा धीर सुटला की त्या करायच्या, फिजिओथेरपिस्ट बाईंनी दाखवला तसाच, एक बोट इकडेतिकडे नाही. त्यांची स्वतःची कंबर धरली. कुणाला सांगितलं नाही. मीच गोळी दिली आणि त्यांनी मुकाट्याने घेतली.

तनू साडेचार महिन्यांची असताना एका सकाळी आई कुणाशी तरी फोनवर भांडत होत्या. तनूने मान फिरवली. हळूहळू, अडखळत, पण पूर्ण डावीकडे... आणि त्यांच्याकडे बघून हसली. आईंनी फोन तसाच मांडीत टाकला आणि पदराने तोंड झाकून हमसून हमसून रडल्या. मी त्यांना रडताना पहिल्यांदाच बघत होते.

तनू आता नऊ वर्षांची आहे. मान दोन्हीकडे सारखी वळते. तर काकू, तुम्हाला काय म्हणायचं ते म्हणा. पाय न लावायला जी हिंमत लागली, ती आपल्या सगळ्या खानदानात एकीपाशीच होती.

दहाव्यानंतर नवरा म्हणाला, घराला रंग लावून घेऊ. दिवाण, त्यावरच्या गाद्यांच्या चळतीसकट, सरकवला तर मागे भिंतीवर, स्टुलावर बसलेल्या माणसाच्या डोक्याच्या उंचीला, तेलाचा गोल डाग. आईंच्या केसांचा. रंगारी म्हणाला, "आधी हा घासावा लागेल ताई, नाहीतर वर येईल."

त्याला मी चहा पाजून परत पाठवला.