फरारी गॅस

चाकणला आमची कंपनी गाड्यांचे प्लास्टिक पार्ट बनवते. दरवाजाची हँडलं, डॅशबोर्डवरच्या जाळ्या, असलं काही. मी क्वालिटीत आहे, म्हणजे दिवसभर हँडलं उजेडात धरून ओरखडे शोधायचे. एका सकाळी सरांनी केबिनमध्ये बोलावलं आणि विचारलं, “तुझं इंग्लिश चांगलंय ना?” तेव्हाच मी नाही म्हणायला हवं होतं.

ज्या मोठ्या कंपनीला आम्ही माल देतो, तिने एक फॉर्म पाठवला होता. तुमची कंपनी वर्षाला किती कार्बन हवेत सोडते ते सांगा, महिन्याभरात सांगा. सर म्हणाले, “मागच्या वर्षी मीच भरला होता. जिथे कळलं नाही तिथे शून्य टाकलं. यावेळी म्हणतात पुरावे जोडा.”

पहिले चार दिवस मी नुसती शब्दांशी झटापट केली. स्कोप वन, स्कोप टू, स्कोप थ्री. इंटरनेटवर वाचलं तर डोकं आणखी जड झालं. शेवटी जेवणाच्या सुट्टीत कंपनीभर हिंडले, तेव्हा उलगडलं. आपल्या कंपाउंडच्या आत आपण जे जाळतो ते एक: जनरेटरचं डिझेल, कँटीनचा सिलिंडर. वीज बाहेरून येते, तिचा धूर दुसरीकडे कुठेतरी निघतो, पण वापरतो आपण, म्हणून ती दोन. आणि उरलेली सगळी दुनिया तीन. प्लास्टिकचा दाणा घेऊन येणारे ट्रक, हँडलं घेऊन जाणारे ट्रक, आम्हाला आणणारी कंपनीची बस.

घरी आईला सांगितलं तर ती म्हणाली, “म्हणजे मी पहाटे उठून तुझा डबा करते, तो गॅस तुझ्या कंपनीच्या नावावर?”

“नाही गं, तो तुझ्याच नावावर.”

“वाटलंच,” आई म्हणाली.

बाबा बाजूला पेपर वाचत होते. बत्तीस वर्षं त्यांनी पिंपरीतल्या एका कारखान्यात एसी आणि चिलर दुरुस्त केले. निवृत्त झाल्यापासून गल्लीतले सगळे फ्रिज त्यांच्या हाताखालून जातात. मी फॉर्म टेबलावर पसरून बसले होते आणि स्कोप वनच्या एका ओळीवर अडकले होते. फ्युजिटिव्ह एमिशन्स. मोबाईलवर अर्थ पाहिला तर आला, फरार, फरारी आरोपी.

“बाबा, आमच्या कंपनीतून काहीतरी फरार झालंय आणि ते किती ते मला लिहायचंय.”

त्यांनी चष्मा कपाळावर चढवला आणि ओळ वाचली. खाली बारीक अक्षरात लिहिलं होतं, वर्षभरात एसी व चिलरमध्ये भरलेला गॅस, किलोमध्ये. बाबा खूश झाले. इतक्या दिवसांत पहिल्यांदा माझ्या कामात त्यांचं काहीतरी आलं होतं.

“अगं, सोपं आहे. एसी गॅस पीत नाही. बंद नळीत तोच गॅस फिरत राहतो, जन्मभर. मग परत भरावा का लागतो?”

“लीक होतो म्हणून.”

“मग जितका भरला तितका फरार. लिही.”

दुसऱ्या दिवशी मी चिलरवर लटकवलेल्या सर्व्हिस कार्डांचे फोटो काढून आणले. चिलर म्हणजे आमच्या साच्यांना थंड पाणी पुरवणारं मशीन, टेम्पोएवढं. कार्डांवर फक्त ‘गॅस चार्जिंग केले’ एवढंच होतं. बाबांनी मॉडेल नंबर पाहिला, प्रेशरचे आकडे पाहिले, आणि मला सर्व्हिसच्या ठेकेदाराला फोन करून सिलिंडर किती लागले ते विचारायला लावलं. तासाभराने आकडा निघाला, चौदा किलो.

मी लॅपटॉपवर चौदा टाकले. फॉर्म हुशार होता, पुढच्या रकान्यात आपोआप गुणाकार करत होता. आकडा आला तो पाहून मला वाटलं माझ्याकडून एक शून्य जास्त पडलंय. पुसलं, परत टाकलं. तेच. वर्षभर जनरेटरमध्ये जाळलेल्या डिझेलपेक्षा ते चौदा किलो भारी होते.

“हे काय दाखवतंय?” बाबांनी विचारलं.

मी वाचून सांगितलं. आमच्या चिलरमध्ये होता तो आर-बावीस गॅस. त्याचा एक किलो हवेत गेला की जवळजवळ पावणेदोन हजार किलो कार्बन डायऑक्साइड सोडल्यासारखं होतं.

“एक किलो?”

“एक किलो.”

बाबांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. मग म्हणाले, “आम्ही तर सोडायचोच.”

“म्हणजे?”

“रिपेअरला मशीन उघडायचं तर आधी गॅस रिकामा करावा लागतो. प्लांटरूमच्या मागे नळी काढायची, व्हॉल्व्ह उघडायचा. फुस्स. मला तसंच शिकवलं, मी पुढच्यांना तसंच शिकवलं. सोडला नाही तर वरिष्ठ ओरडायचे, वेळ का घालवतोस म्हणून.” ते उठले आणि बाल्कनीत जाऊन उभे राहिले. मी ऐकत होते, ते हळू आवाजात काहीतरी मोजत होते. महिन्याला इतके, वर्षाला इतके. मी लॅपटॉप बंद केला.

दोन दिवस बाबा सकाळी फिरायला गेले नाहीत. आईने मला स्वयंपाकघरात धरलं. “काय वाचायला दिलंस त्यांना? कालपासून फ्रिजकडे बघत बसतात.” मी थोडक्यात सांगितलं. आई म्हणाली, “मग त्यांनी काय मुद्दाम केलं का?” आणि ती हे बाहेर जाऊन त्यांनाही म्हणाली. बाबा म्हणाले, “मुद्दाम नाही, पण केलं.”

त्याच आठवड्यात आमच्या चिलरच्या कंडेन्सरला गळती निघाली. गुरुवारी कंपनी बंद असते, म्हणून दुरुस्ती गुरुवारी ठरली. जेवताना मी सहज बोलले आणि बाबा म्हणाले, “मी येतो.”

“तुम्ही काय करणार तिथे?”

“बघतो.”

गुरुवारी सकाळी स्कूटरवरून निघालो. मोशीच्या पुढे ट्रक नेहमीसारखे एकमेकांना चिकटून उभे. बाबा मागून सूचना देत होते, डावीकडून घे, आता थांब, आता घे. गेटवर वॉचमनने त्यांच्या गळ्यात व्हिजिटरचा पट्टा अडकवला. बाबांनी तो सरळ करून शर्टाच्या खिशावर नीट बसवला.

ठेकेदाराचा मेकॅनिक चिलरपाशी बसला होता. चाळिशीचा, लातूरकडचा, बोलायला मोकळा. त्याने नळी लावली होती, नळीचं दुसरं टोक गटाराच्या जाळीवर ठेवलं होतं, आणि पान्याने व्हॉल्व्हची टोपी काढत होता.

“थांबा भाऊ,” बाबा म्हणाले.

“काय झालं काका?”

“गॅस सोडताय?”

“सोडल्याशिवाय नळीला ब्रेझिंगचा टाका कसा मारावा? आत गॅस असताना ज्योत लावली तर विषारी धूर नाकात जाईल की.”

“सोडू नका. सिलिंडरमध्ये काढून घ्या.”

मेकॅनिकने माझ्याकडे पाहिलं. हे कोण, असं त्याच्या तोंडावर स्पष्ट होतं. मी सांगितलं, “माझे वडील. याच लायनीतले आहेत.”

“काका, मग तुम्हाला माहीतच हाय की. सगळेच सोडायलेत. रिकव्हरी मशीन हाय आमच्या भोसरीच्या दुकानात, नाही असं नाही. पण मालक म्हणतात वेळ जातोय.”

“आपण दोघं जाऊन घेऊन येऊ,” बाबा म्हणाले. “मी उचलतो.”

“तुम्ही उचलणार?”

“अर्धं.”

तो हसला. का कोण जाणे, पण हसला आणि उठला. दोघं त्याच्या टेम्पोतून भोसरीला गेले आणि मी रिकाम्या कंपनीत चिलरजवळ एका क्रेटवर बसून राहिले. साडेअकराला सरांचा फोन आला.

“झालं का काम?”

“सुरूच व्हायचंय, सर.”

“अजून? उद्या फर्स्ट शिफ्टला साचे चालू पाहिजेत मला.”

“गॅस हवेत न सोडता काढून ठेवतोय. मशीन आणायला गेलेत.”

“हे कोणी सांगितलं?”

मी म्हणाले, “फॉर्ममध्ये आहे, सर.” फॉर्ममध्ये असं कुठेच नव्हतं. फॉर्मला फक्त किती सोडला ते हवं होतं, सोडू नका असं तो म्हणत नव्हता. पण सरांनी मागच्या वर्षी तो कसा भरला होता ते मला ठाऊक होतं, त्यामुळे ते वाद घालणार नाहीत याची खात्री होती. “संध्याकाळपर्यंत उरका,” म्हणाले आणि फोन ठेवला.

दोघं परतले तेव्हा त्यांच्यात चांगलीच गट्टी जमली होती. मशीन लहान सुटकेसएवढं होतं, आवाज मात्र पिठाच्या गिरणीसारखा. बाबांनी डिस्पॅचमधला वजनकाटा आणायला लावला, रिकामा सिलिंडर त्यावर ठेवला. मेकॅनिक म्हणाला होता पाऊण तास, लागले अडीच. मध्येच नळी गरम झाली, मशीन थांबलं, सिलिंडर गार करायला आम्ही त्यावर बादलीने पाणी ओतलं. काट्यावरचा आकडा सावकाश चढत होता आणि बाबा त्यासमोर गुडघ्यांवर हात ठेवून बसले होते. साडेअकरा किलोवर तो थांबला.

“हाच गाळून परत भरता येतोय,” मेकॅनिक म्हणाला. मग चहा मागवला आणि विचारलं, “काका, किती वर्षं केलं हे काम?”

“बत्तीस.”

“तुमच्या वेळी काढून घ्यायचे का?”

“नाही,” बाबा म्हणाले. “बत्तीस वर्षं सोडलाच. आज पहिल्यांदा काट्यावर बघितला.”

मेकॅनिकने आपल्या हातातली बिस्किटं बाबांपुढे धरली. बाबांनी दोन घेतली.

पाच वाजता चिलर सुरू झाला. परत येताना स्कूटर सिग्नलला थांबली, तेव्हा मागून बाबांनी विचारलं, “आमच्या कंपनीचं ते तेव्हाचं कुठे लिहून ठेवलं असेल का?”

“नाही बाबा. तेव्हा असा फॉर्मच नव्हता.”

“म्हणजे कोणीच मोजलं नाही.”

“नाही.”

सिग्नल सुटला. त्यांनी एक हात माझ्या खांद्यावर ठेवला, तो पिंपरी येईपर्यंत तसाच होता.

फॉर्म सरलेल्या वर्षाचा होता, म्हणून त्यात मी चौदाच लिहिले. सर कुरकुरले, “इतका मोठा आकडा कशाला दाखवायचा?” पण पुरावे चौदाचेच होते. महिन्याभराने मोठ्या कंपनीतून एका मॅडमचा फोन आला. इतर बहुतेकांनी त्या ओळीत शून्य टाकलंय, तुमचंच कसं काय भरलेलं, असं त्या विचारत होत्या. मी बाबांचं वाक्य जसंच्या तसं सांगितलं, एसी गॅस पीत नाही. त्या म्हणाल्या, हे मी लिहून घेते.

आता तो मेकॅनिक अधूनमधून बाबांना फोन करतो. अमुक मशीनला प्रेशर उतरत नाही, काय करू? बाबा फोन स्पीकरवर टाकतात, त्यामुळे आम्हा सगळ्यांना ऐकावं लागतं. शेवटी दर वेळी विचारतात, “रिकव्हरीचं मशीन नेलंय ना?” कधी तो हो म्हणतो. कधी म्हणतो, “आज नाही जमलं काका.” त्या दिवशी बाबा त्याला रागावत नाहीत. “बरं,” म्हणतात, आणि प्रेशरचं पुढे सांगायला लागतात.